प्राध्यापकांचे ‘सोळा तास’

“प्राध्यापकांचं काय, आठवड्याला 16 तास शिकवलं की सुटले!” लग्नाच्या पंगतीतही हे ऐकू येतं. आकडा खरा, अर्थ अर्धवट.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापनाचे 16 तास आहेत (सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना 14). पण एकूण कार्यभार आठवड्याला किमान 40 तासांचा, आणि महाविद्यालयात रोज किमान 5 तास हजर राहायचं. तयारी, मार्गदर्शन, संशोधन त्यातच. उत्तरपत्रिका तपासणं म्हणजे काही उपकार नव्हेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 परीक्षेच्या कामात साहाय्य बंधनकारक करतो.

हे झालं पूर्णवेळ नेमणुकीचं. तासिका तत्त्वावरच्यांना मानधन घेतलेल्या तासांपुरतंच. टोमणा मात्र तोच, पुरेपूर.