पहिला खंड की पहिली कादंबरी? ‘फेलोशिप’बद्दलच्या मतभेदांची पार्श्वभूमी

‘द फेलोशिप ऑफ द रिंग’वर बोलायला वाचक जमले, मग ते वेंगुर्ल्यात असोत की दापोलीत, की दोन तक्रारी हमखास निघतात. सुरुवात फार लांबते, आणि शेवट शेवटासारखा वाटत नाही. यातल्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ कथेत शोधू नये. ते छपाईच्या हिशेबात आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’ ही जे. आर. आर. टॉल्किन या लेखकाने १९३७च्या डिसेंबरात लिहायला घेतलेली एकच सलग कादंबरी, आणि ‘फेलोशिप’ हा तिचा पहिला खंड. आत सहा ‘पुस्तकं’, मिळून ६२ प्रकरणं. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता. एवढा ग्रंथ एकत्र काढला तर किंमत वाचकाच्या आवाक्याबाहेर जाणार आणि खपला नाही तर सगळा पैसा बुडणार, म्हणून प्रकाशकाने दोन-दोन पुस्तकांचे तीन खंड पाडले. पहिला २९ जुलै १९५४ला आला, दुसरा ११ नोव्हेंबरला. तिसरा मात्र परिशिष्टांपायी लांबला आणि थेट २० ऑक्टोबर १९५५ला निघाला. तिसऱ्या खंडाचं ‘द रिटर्न ऑफ द किंग’ हे नावही लेखकाच्या मनासारखं नव्हतं. राजा परततो हे नावातच फुटतं, अशी त्याची हरकत होती.

तेव्हा ज्याला आपण सवयीने ‘मालिकेतली पहिली कादंबरी’ म्हणतो, तो एका कादंबरीचा एक तृतीयांश हिस्सा आहे: प्रस्तावना, पहिल्या पुस्तकाची १२ प्रकरणं आणि दुसऱ्याची १०. अंगठी घेऊन निघालेल्या सोबत्यांची फाटाफूट होते आणि खंड तिथेच थांबतो. ‘पहिली कादंबरी कशी वाटली?’ हा प्रश्नच त्यामुळे वाचकाला चुकीच्या जागी उभा करतो. नाटकाच्या मध्यंतराला बाहेर आलेल्या माणसाला शेवट कसा होता हे विचारण्यातला हा प्रकार. १९६८मध्ये एकाच बांधणीतली पेपरबॅक आवृत्ती निघाली, पण तोवर तीन खंड लोकांच्या डोक्यात पक्के बसले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या लेखकांनी तर ही छपाईची तडजोडच साच्यासारखी उचलली.

वाचनालयात याचा त्रास रोजचा आहे. दाखल नोंदवहीत तीन खंडांना तीन क्रमांक पडतात, कण्यावरचा खंडाचा आकडा पावसाळी ओलीने पुसट होतो आणि कोणी तरी दुसराच खंड पहिला समजून घरी नेतो. खंडाचा आकडा मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावरही लिहावा. तिन्ही खंड शेजारी ठेवावेत. पहिला बाहेर असेल तर दुसरा नव्या वाचकाला देऊ नये.

२००१च्या चित्रपटाने गोंधळ वाढवला. सोबत्यांपैकी एक असलेल्या बोरोमिरचा मृत्यू पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात येतो. तो चित्रपटाने ओढून पहिल्या भागाच्या शेवटी आणला, म्हणून आधी चित्रपट पाहिलेल्याला पुस्तकाचा शेवट कोरडा वाटतो. सुरुवातीची मेजवानी आणि नायक फ्रोडोचं घरातून प्रस्थान यांच्यामधली १७ वर्षंही पडद्यावर जाणवत नाहीत, आणि पुस्तकात ती आली की ‘फार रेंगाळतं’ असा शेरा मिळतो.

अद्भुताची मराठीला नवलाई नाही. ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. आणि रात्र जागून दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य पाहिलेल्या वाचकाला मुख्य आख्यानाआधीचा आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, माहीत असतो. त्यातल्या संकासुर या राक्षसाचा खेळ आटोपल्याशिवाय राजा रंगमंचावर येत नाही, याची तो तक्रार करत नाही. तरीही प्रस्तावनेत अडकणाऱ्यांनी तिचा अंगठी सापडण्याचा चौथा भाग तेवढा वाचावा. हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या लोकांच्या, चालीरीती आणि तंबाखूची माहिती नंतर वाचली तरी चालते. आणि मत बनवायचंच तर दुसऱ्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण, म्हणजे रिव्हेंडेल या ठिकाणी अंगठीचं काय करायचं हे ठरवणारी सभा, होईपर्यंत थांबावं. ते प्रकरण लांबलचक आहे, बहुतेक बोलण्यातच जातं आणि अर्धे वाचक तिथेच गळतात. पण कथेचा सगळा पाया तिथेच घातला जातो.

सर्वाधिक वाद टॉम बॉम्बाडिल या पात्रावर. पहिल्या पुस्तकाची सहावी ते आठवी प्रकरणं त्याची आणि त्याच्या मुलखाची. चित्रपटाने तो गाळला, त्यामुळे कित्येकांना तो अनावश्यक वाटतो. देवराईशेजारी वाढलेल्या वाचकाला मात्र तो परका वाटू नये, कारण तो सरळ राखणदार आहे. अंगठीचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. त्याची सत्ता त्याने स्वतः आखलेल्या हद्दीपुरती, आणि हद्दीबाहेर तो पाऊल टाकत नाही. अंगठी त्यालाच सांभाळायला द्यावी, असं सभेत सुचवलं जातं. तो ती विसरून जाईल, बहुधा फेकूनही देईल, असं उत्तर मिळतं. ती तीन प्रकरणं गाळून वाचणाऱ्याला हे उत्तर कळत नाही.