मार्चिंग हंड्रेडचे फॉस्टर सर

14 जुलै 1989 ची रात्र. फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षं झाली म्हणून पॅरिसच्या शाँझेलिझे या प्रसिद्ध रस्त्यावर मोठी मिरवणूक निघाली होती. देशोदेशीची पथकं होती. अमेरिकेने पाठवला होता एका कॉलेजचा बँड, तोही फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा. प्रसिद्ध काळा गायक जेम्स ब्राउनची गाणी वाजवत, मूनवॉक करत पोरं चालली होती. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा हा 'मार्चिंग हंड्रेड'. तो घडवणारे विल्यम पॅट्रिक फॉस्टर तेव्हा सत्तरीला टेकले होते.

आपल्याकडे बँड म्हटलं की वरात आठवते, फार तर एनसीसीची परेड. अमेरिकेत कॉलेजचा बँड डायरेक्टर हा प्राध्यापक असतो. फुटबॉलच्या हंगामात दर आठवड्याला सामन्याच्या मध्यंतरासाठी नवा कार्यक्रम बसवायचा, हंगाम संपला की बैठकीचा कॉन्सर्ट बँड घ्यायचा, आणि वर्षभर तास. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे शाळाशाळांत बँडमास्तर होतात. आपल्या ढोल-ताशा पथकांत गणपतीआधी जी तालीम चालते, ती बारा महिने, पगारावर आणि पदवीसाठी चालते असं समजा.

हे पद आलं कवायतीच्या मैदानावरून. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कॉलेजं काढायला सरकारी जमीन मिळाली. शेती आणि यंत्रविद्येबरोबर तिथे लष्करी शिक्षणही द्यावं, असं त्यात होतं. कवायत आली की ताल हवा, म्हणून बँड आला. 1890 च्या दुसऱ्या कायद्याने राज्यांना सांगितलं की काळ्या मुलांना याच कॉलेजांत घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळी काढली, हे सांगायला नको. फ्लोरिडातल्या काळ्यांच्या कॉलेजात 1892 मध्येच बँड सुरू झाला होता. ब्लूज या काळ्यांच्या संगीतप्रकाराचे पितामह म्हणून पुढे नावाजलेले डब्ल्यू. सी. हँडी 1900 ते 1902 अलाबामातल्या अशाच कॉलेजात शिकवत होते. पण मोठे बँड, मोठा पैसा आणि नाव मात्र इलिनॉय, मिशिगनसारख्या गोऱ्यांच्या विद्यापीठांकडे.

फॉस्टर यांचा जन्म 1919 चा, कॅन्ससमधल्या कॅन्सस सिटीचा. बाराव्या वर्षी क्लॅरिनेट हातात आलं. पुढे कॅन्सस विद्यापीठात संगीत शिक्षणाची पदवी घेतली, पण तिथल्या मार्चिंग बँडमध्ये काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणजे संगीत शिकवायला शिका, बँडच्या रांगेत मात्र उभे राहू नका. 1941 मध्ये पदवीच्या तोंडावर डीननी बोलावून समजावलं की कंडक्टर होण्याचा नाद सोड, काळ्या कंडक्टरांना नोकऱ्या नसतात. सल्ला बहुधा भल्यासाठीच दिला असावा. म्हणूनच तो जास्त लागला असणार. गोऱ्यांच्या बँडच्या तोडीचा काळ्यांचा बँड उभा करायचा, हे फॉस्टर यांनी तेव्हाच ठरवलं, असं ते पुढे सांगत.

मिसूरीतली एक शाळा, जॉर्जियातलं फोर्ट व्हॅली कॉलेज, मग अलाबामातली टस्कीगी ही काळ्यांची संस्था असं करत 1946 मध्ये ते टॅलाहासीला आले. मूठभर वादक होते. ते शंभरावर गेले, नाव 'मार्चिंग हंड्रेड' पडलं, आणि पुढे आकडा चारशेच्या पुढे गेला तरी नाव तेच राहिलं. शिकवता शिकवता त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून 1955 मध्ये डॉक्टरेटही मिळवली. त्यांच्याच गावातलं गोऱ्यांचं विद्यापीठ काळ्या विद्यार्थ्यांना 1962 पर्यंत घेत नव्हतं.

त्यांचं खरं काम मैदानावर दिसायचं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर 5 यार्डांना पांढरी रेघ असते. मार्चिंग बँडच्या रुळलेल्या हिशोबात दोन रेघांमध्ये 8 पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. फॉस्टर यांच्या मुलांनी ते गुडघा कमरेपर्यंत उचलून टाकायचं, खांद्यावर सूझाफोनचं, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेल्या पितळी कर्ण्याचं, धूड असलं तरी. चालीही टोकाच्या: कधी मिनिटाला 20 पावलं, इतकी सावकाश की तोल सांभाळणं हीच कसरत, कधी तीनशेच्या वर, जवळपास पळतच. एवढी काटेकोर रांग अचानक मोडायची आणि रेडिओवर गाजणाऱ्या गाण्यावर सगळा बँड नाचायला लागायचा. लष्करी कवायत आणि नाच एकाच मैदानावर, त्याच पोशाखात. आज हे सर्रास दिसतं. त्या काळी कॉलेजच्या बँडने नाचावं ही कल्पनाच नवी होती. काळ्या कॉलेजांनी ती लगेच उचलली, गोऱ्यांच्या बँडनी सावकाश. मला यात विशेष हे वाटतं की आधी रांग चोख केल्यामुळेच त्यांना ती मोडायचा हक्क मिळाला.

1968 मध्ये त्यांनी या सगळ्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं, 'बँड पेजंट्री'. 1969 मध्ये मायामीच्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात त्यांचा बँड वाजला. 1985 मध्ये कॉलेजच्या मार्चिंग बँडसाठीचा मोठा मान, सूझा फाउंडेशनची सडलर ट्रॉफी, मिळाली, काळ्यांच्या विद्यापीठाला पहिल्यांदाच. अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनचे ते पहिले काळे अध्यक्ष.

पण डीननी नसतात म्हटलेल्या नोकऱ्यांचं काय? जॅझ सॅक्सोफोनवाले कॅननबॉल अ‍ॅडर्ली फॉस्टर आले तेव्हा तिथे विद्यार्थी होते. 1948 मध्ये शिकून बाहेर पडले आणि फोर्ट लॉडरडेलच्या शाळेत चक्क बँड डायरेक्टर झाले. न्यूयॉर्क आणि कीर्ती नंतरची. दक्षिणेतल्या काळ्यांच्या शाळांना बँडमास्तर अशाच कॉलेजांतून मिळत. पुढे शाळांतला वर्णभेद उठला तेव्हा त्यातल्या अनेक शाळा बंद पडल्या आणि कितीतरी काळ्या शिक्षकांची नोकरी गेली, हा उलटा फेरा वेगळाच.

फॉस्टर 1998 मध्ये, 52 वर्षांनी निवृत्त झाले आणि 2010 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2011 मध्ये, बँडच्या बसमध्ये रॅगिंगच्या मारहाणीत एका ड्रम मेजरचा, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्या विद्यार्थ्याचा, मृत्यू झाला. कडक शिस्तीच्या सावलीत काय पोसलं जात होतं ते तेव्हा चव्हाट्यावर आलं. बँडमधले शंभराच्या घरातले लोक विद्यापीठाचे विद्यार्थीच नव्हते, हेही उघड झालं. बँड बंद केला गेला. 2013 मध्ये तो मैदानात परतला तेव्हा रांगा बऱ्याच आखूड होत्या, आणि सूत्रं होती सिल्व्हेस्टर यंग यांच्या हाती, जे साठच्या दशकात फॉस्टर सरांच्याच बँडमध्ये वाजवत होते.