भुसावळ-जळगाव स्टेशनवर कामगारांचे फोटो काढायचेत? परवानगी, कागदपत्रं आणि अर्जाची सगळी माहिती

खान्देशात जो कोणी फोटोग्राफी शिकतो त्याला कधी ना कधी भुसावळ जंक्शनवर कॅमेरा घेऊन जावंसं वाटतंच. नागपूरकडची आणि खंडव्याकडची लाईन इथं फुटते, त्यामुळे मध्यरात्री पण स्टेशन जागंच असतं, डोक्यावर तीन-तीन बॅगा घेतलेले हमाल, पार्सलचे हातगाडे ओढणारे, डब्यांत पाणी भरणारे, रूळ तपासत चालणारा कीमन, सगळे कामावर. या माणसांचे फोटो निघायलाच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, पण मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन सरळ घुसलात तर आरपीएफवाला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान, विचारणार आणि त्याचं ते कामच आहे, म्हणून आधी लेखी परवानगी काढा.

सगळ्यात आधी स्टेशन कोणत्या रेल्वेचं ते बघा, कारण आपल्याकडे इथंच गडबड होते. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, तिकडे सावदा, निंभोरा, रावेर हे सगळं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं, पण जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या लाईनवरचं धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर हे पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. म्हणजे अमळनेरच्या स्टेशनसाठी भुसावळच्या डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या, ऑफिसात अर्ज टाकला तर तो चुकीच्या टेबलावर जाऊन पडणार. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईला सीएसएमटीला आणि पश्चिमचं चर्चगेटला, दोन्हीकडे ही परवानगी मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सीपीआरओच्या ऑफिसातून हलते. भुसावळ विभागातलं काम असेल तर आधी डीआरएम ऑफिसातल्या जनसंपर्क विभागात जाऊन विचारा, अर्ज तिथंच द्यायचा की मुंबईला पाठवायचा ते तेच सांगतात.

अर्ज कोणीही करू शकतं, कॉलेजचा विद्यार्थी, हौशी फोटोग्राफर, पत्रकार, जाहिरातवाले, कोणीही. फरक पडतो तो उद्देशाने. अभ्यासासाठी किंवा प्रदर्शनासाठी वेगळं, पैसे कमवायला वेगळं, आणि प्री-वेडिंग किंवा सिनेमाचं शूटिंग तर एकदमच वेगळं, त्यात फी आणि अटी सगळ्याच वाढतात. फीचे दर उद्देशानुसार बदलतात आणि मधूनमधून सुधारले जातात, त्यामुळे नेटवर सापडलेला जुना आकडा धरून बसू नका, जनसंपर्क विभागाकडूनच चालू दर घ्या आणि पैसे भरले की पावती मागा. अभ्यासासाठी म्हणून परवानगी घेतली आणि नंतर कोणी फोटो विकत मागितले तर गुपचूप देऊ नका भाऊ, नवीन अर्ज करा.

कागदपत्रं फार नाहीत. आधार किंवा दुसरं फोटोवालं ओळखपत्र, दोन पासपोर्ट फोटो, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं बोनाफाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, पत्रकार असाल तर पेपरचं पत्र आणि असेल तर अधिस्वीकृती पत्रिका, सोबत येणाऱ्यांची नावं आणि त्यांची ओळखपत्रं. कॅमेरा आणि लेन्सची यादी सिरीयल नंबरसकट जोडा, बाहेर पडताना कोणी विचारलं तर वस्तू आपलीच आहे हे लगेच दाखवता येतं.

खरा दम अर्जाच्या मजकुरात पाहिजे. "स्टेशनवर फोटो काढायचे आहेत" एवढंच लिहिलं तर अधिकारी सही करायला कचरतो, त्याला कळत नाही तुम्ही नेमकं काय करणार. त्यापेक्षा कोणतं स्टेशन, कोणते प्लॅटफॉर्म, कोणत्या तारखा, किती ते किती, किती माणसं, ट्रायपॉड लागणार का, फोटो कुठं वापरणार हे सगळं स्पष्ट लिहा, आणि रुळावर उतरणार नाही, फ्लॅश वापरणार नाही, गाडीला आणि कामाला अडथळा करणार नाही हे हमीपत्र आपणहून जोडा. मराठी अर्जासोबत हिंदी प्रत लावा, मुंबईला फाईल गेली तर बरं पडतं. हे सगळं तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघायचं नाही.

पत्र हातात आलं की त्याच्या झेरॉक्स काढा, एक स्टेशन मास्तरांना, एक आरपीएफ ठाण्यात, मूळ पत्र खिशात. तरीही प्लॅटफॉर्म तिकीट काढायचंच, १० रुपयांचं असतं आणि २ तास चालतं, वेळ संपली की दुसरं काढा. दिवाळीच्या गर्दीत कधीकधी त्याची विक्रीच बंद ठेवतात, तेव्हा तारीखच पुढे ढकला.

आता ज्याबद्दल कोणत्याच फॉर्ममध्ये रकाना नसतो ते. रेल्वेचं पत्र तुम्हाला कॅमेरा घेऊन उभं राहू देतं, समोरच्या माणसाचा होकार मात्र तुम्हालाच घ्यायचाय. आधी कॅमेरा खाली ठेवा, "दादा, तुमचा फोटो काढू का" विचारा, कशासाठी ते सांगा, नाही म्हणाला तर विषय संपला. सफाईवाले, पाणी भरणारे यातले बरेच ठेकेदाराचे असतात, बसलेला किंवा हातमोजे न घातलेला फोटो सुपरवायझरच्या मोबाईलवर पोचला तर त्या कामगाराची हजेरी कापली जाऊ शकते. पॉइंट्समनचा, म्हणजे गाडीचा रूळ बदलून देणाऱ्या कर्मचाऱ्याचा, जांभई देतानाचा फोटो तुम्हाला भारी वाटेल, त्याची मात्र चौकशी लागेल. आणि टोपलीत केळी किंवा भेळ घेऊन फिरणारा बिनलायसन्सचा विक्रेता रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्ह्यात धरला जातो, तुम्ही काढलेला त्याचा चेहरा दिसणारा फोटो म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा, म्हणून चेहरा नको, हात घ्या, टोपली घ्या. हमालांचं तसं नसतं, लाल शर्ट आणि दंडावरचा बिल्ला अभिमानाने दाखवतात, पण बिल्ल्याचा नंबर टाकायचा का हे तरी विचाराच. एकटी फिरणारी लहान पोरं दिसली तर फोटो नाहीच, बाल न्याय कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, सरळ १०९८ वर फोन करा किंवा आरपीएफला सांगा.

काही गोष्टी पत्र असलं तरी चालत नाहीत. रुळावर उतरणं कलम १४७ खाली गुन्हा आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिला हात लागायचीसुद्धा गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो, म्हणून पुलावरून सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड बाहेर काढू नका आणि मालगाडीवर तर चढूच नका. ड्रोन या परवानगीत येत नाही. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे, त्या बाजूला कॅमेरा वळवू नका, तिथं शासकीय गुपिते कायदा लागतो. सावदा-रावेरला केळी भरतानाचे फोटो घ्यायचे असतील तर मालधक्क्याचं, म्हणजे मालगाडीत माल भरतात त्या जागेचं, नाव अर्जात वेगळं लिहा, नुसतं स्टेशन लिहिलं तर परवानगी प्लॅटफॉर्मपुरतीच धरतात.

कोणी अडवलंच तर वाद न घालता पत्र दाखवा, तरी ऐकलं नाही तर स्टेशन मास्तरांकडे चला म्हणा. आणि अर्ज देऊन महिना झाला तरी उत्तर नाही, तर आवक क्रमांक टाकून माहिती अधिकारात विचारा की फाईल कोणाकडे आहे, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज ऑनलाईन पण होतो.