तुमच्या रिपोर्टचा हीट नंबर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) निघालं की हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या वितळणीचा क्रमांक, बघायचा, आणि त्या हीटला भट्टीत काय काय पडलं होतं ते रजिस्टरवरून काढायचं. पण महिन्याच्या रिजेक्शन रिपोर्टमधला आकडा कुठून आला, हे विचारलं तर? मूळ एक्सेल फाइल तोवर दुरुस्त होऊन त्याच नावानं सेव्ह झालेली असते.

यासाठी आम्ही तुमच्या डेटाबेसमध्ये चार टेबलं वाढवतो. पहिल्यात डेटासेटचं नाव. दुसऱ्यात त्याची प्रत्येक आवृत्ती: कधी आली, कुणी दिली किंवा कुठल्या रनमधून निघाली, आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश. हा हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण; ती ६४ अक्षरांची असते आणि फाइलीत एक अंक बदलला तरी वेगळीच येते. तिसऱ्यात प्रत्येक रन, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कधी चालला. चौथ्यात त्या रननं कुठल्या आवृत्त्या वाचल्या. दुवा आवृत्तीशीच जोडायचा, नुसत्या नावाशी कधीच नाही. आणि नोंद रन चालतानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम नोंदलं जाईल, नाहीतर काहीच नाही) व्हायला हवी. मागाहून आठवून लिहिलेल्या नोंदीवर आमचा भरवसा नाही.

आपल्या भागात एक गोष्ट हमखास सुटते: नावांची जुळणी यादी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, जुन्या बिलांवर बेळगाव आहे. निपाणी-खानापूरकडच्या ग्राहकाचं नाव एका कागदावर कन्नडमध्ये, दुसऱ्यावर मराठीत, तिसऱ्यावर इंग्रजीत. ही सगळी एका खात्याखाली आणणारी यादी ऑफिसातलं कुणीतरी सांभाळत असतं. तिच्यातली एक ओळ बदलली की ग्राहकवार बेरजा बदलतात. म्हणून तीही डेटासेटच धरायची, तिलाही आवृत्ती द्यायची. आम्ही काम इथूनच सुरू करतो.

मग आकड्यापासून मूळ फाइलीपर्यंतचा माग 'विथ रिकर्सिव्ह' या, दुव्यामागून दुवा शोधत जाणाऱ्या, एका क्वेरीत निघतो. तुमचा डेटाबेस मायएसक्यूएल ८.० च्या आधीचा असेल तर ही सोय नाही, अपग्रेड करावं लागेल. एसक्यूलाइट डेटाबेस वापरत असाल तर फॉरिन कीची, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यातल्या नोंदीकडे जाणाऱ्या दुव्याची, तपासणी सहसा बंद असते. ती प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते, नाहीतर रिपोर्टखालची आवृत्ती कुणी डिलीट केली तरी डेटाबेस अडवत नाही.

आम्ही येण्याआधी गेल्या महिन्याचा एक रिपोर्ट आणि तो ज्या फाइलींवरून केला त्या बाजूला काढून ठेवा. त्या उघडून पुन्हा सेव्ह करू नका. काही न बदलता एक्सेल फाइल सेव्ह केली तरी तिचा हॅश बदलू शकतो.