भारतात १६ लाख प्राध्यापक, अमेरिकेत १५ लाख, मग आपण पुढे आहोत का?

भारतात कॉलेज-विद्यापीठांत शिकवणारे किती जण आहेत? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ चा आकडा आहे १५.९८ लाख. अमेरिकेत त्याच सुमाराला साधारण १५ लाख. म्हणजे आपण पुढेच की! पण थांबा, आपले विद्यार्थी ४.३३ कोटी आणि त्यांचे १.९ कोटीच्या आतबाहेर, त्यामुळे ही बढाई तिथेच संपते.

साधा भागाकार केला तर आपल्याकडे एका शिक्षकामागे २७ विद्यार्थी, त्यांच्याकडे १२-१३. यातसुद्धा गोची आहे. आपल्या ४.३३ कोटींत ४५ लाखांच्या वर पोरं डिस्टन्सवाली, ती वर्गात बसतच नाहीत, त्यांना वगळलं की २४ उरतात. आणि अमेरिकेतल्या १५ लाखांपैकी जवळपास ४४ टक्के पार्ट-टाइम. त्यांना तिकडे अ‍ॅडजंक्ट म्हणतात, एका सेमिस्टरचा करार, एक-दोन विषय, पैसे विषयागणिक. कॅलिफोर्नियात तर त्यांना 'फ्रीवे फ्लायर' असं नावच पडलंय, कारण सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी तासभर गाडी हाणून दुसऱ्या कॉलेजात. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळणारे सीएचबीवाले, तेही तसेच, फक्त गाडीच्या जागी एसटी. आता दोन कॉलेजांनी आपापली यादी पाठवली की हा एकच माणूस दोनदा मोजला जाणार ना?

हे नुसतं कल्पनेतलं नाही बरं का. आपल्याच सर्वेक्षणात २०१५-१६ ला १५.१९ लाख शिक्षक होते, पुढच्या वर्षी १३.६६ लाख आणि त्याच्या पुढच्या वर्षी १२.८५ लाख! दोन वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली कुठे? कोणी एवढ्या लोकांना घरी बसवलं नव्हतं, मोजायची पद्धत बदलली होती. आधी कॉलेज नुसता आकडा कळवायचं, मग एकेका शिक्षकाचं नाव आणि माहिती मागायला लागले, सोबत आधारही, आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानेच सांगितलं की ८० हजारांवर शिक्षक कागदोपत्री एकापेक्षा जास्त ठिकाणी 'फुलटाइम' होते. सगळी घट त्यांचीच होती असं नाही, पण तपासणीची कमिटी यायच्या दिवशी भरगच्च दिसणारी स्टाफरूम ज्यांनी पाहिलीये त्यांना यात काही नवल वाटणार नाही. नंतर २०१९-२० ला आकडा परत १५ लाखांवर आला.

म्हणूनच अमेरिकेत शिरगणतीसोबत आणखी एक हिशोब करतात. फुलटाइम माणूस म्हणजे एक, पार्ट-टाइम म्हणजे एक तृतीयांश. ४४ टक्के म्हणजे ६.६ लाख लोक, ते या हिशोबात २.२ लाखच होतात, त्यात ८.४ लाख फुलटाइम मिळवले की १५ लाखांचे झाले १०.६ लाख. पार्ट-टाइम विद्यार्थ्यांनाही हीच कात्री, म्हणून गुणोत्तर तरी १३-१४ च्या आसपासच राहतं. शिवाय पीएचडी करता करता वर्ग घेणारे टीचिंग असिस्टंट तिकडे या १५ लाखांत धरतच नाहीत.

आपल्या बेरजेत मात्र ट्यूटर, टेम्पररी, व्हिजिटिंग सगळे एकेक. आठवड्याला चार तास घेणारा एक, वीस घेणारा पण एक.