‘डॅनाई’चा चेहरा नक्की कोणाचा?

सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताज संग्रहालयातल्या डच चित्रकार रेम्ब्रांच्या ‘डॅनाई’ या चित्राबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: पलंगावरची ती स्त्री म्हणजे त्याची बायको सास्किया. हे अर्धंच खरं आहे.

रेम्ब्रांने चित्र १६३६ मध्ये काढलं, तेव्हाचा चेहरा सास्कियाशी जुळणारा होता. पण १६४० च्या दशकात त्याने ते पुन्हा हाती घेऊन चेहरा, हात बदलले. एक्स-रेमध्ये रंगाखालचं जुनं रूप दिसतं. सास्किया १६४२ मध्ये वारली. आजचा चेहरा पुढे त्याच्या घरी राहिलेल्या गेर्ट्ये डिर्क्ससारखा वाटतो, असं अनेक अभ्यासक मानतात.

मला मात्र पलंगावरचा सोनेरी इरॉस, म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव, जास्त हलवतो. त्याचे हात बांधलेत आणि तो रडतोय. बापाने कोंडलेल्या डॅनाईची सगळी कथा त्या मनगटांत आहे. देवांचा राजा झ्यूस तिच्याकडे सोन्याच्या पावसाच्या रूपात आला, असं ग्रीक पुराण सांगतं. इथे नाणी पडत नाहीत, नुसता उजेड येतो.

आणि १९८५ मधल्या ॲसिडहल्ल्यात चित्र संपलं, आता आहे ती नक्कल, हेही चूक. बारा वर्षं खपून जपलेलं मूळ चित्रच १९९७ पासून तिथे आहे, जखमांसकट.