पोडोसाइटमधील संकेतवहन

मूत्रपिंडातल्या केशिकागुच्छावर (ग्लोमेरुलसवर) बाहेरून पाय रोवून बसलेल्या पेशींना पोडोसाइट म्हणतात. ‘पोडो’ म्हणजे पाय, म्हणून मराठीत पादपेशीही म्हणता येईल. रक्त गाळणाऱ्या पडद्याचे थर तीन: केशिकेचे सच्छिद्र अस्तर, मधला आधारपटल आणि सर्वांत बाहेर या पेशींचे एकमेकांत गुंतलेले पाय. या पायांमधल्या सुमारे ४० नॅनोमीटर रुंदीच्या फटींवर प्रथिनांचे जाळे ताणलेले असते. त्याला फटपटल म्हणतात.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तद्रवात लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन हे प्रथिन असते, तरी निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात ३० मिलिग्रॅमही जात नाही. जे थोडे निसटते, त्यातले बरेचसे पुढची मूत्रनलिका परत शोषून घेते. एवढे नेमके काम पाहून हे जाळे म्हणजे केवळ बारीक चाळणी, असा समज बराच काळ होता. तो अपुरा ठरला, कारण हे जाळे पेशीच्या आत संकेतही पोहोचवते.

१९९८ मध्ये कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने जन्मजात नेफ्रोटिक विकाराच्या (लघवीतून खूप प्रथिने जाण्याच्या विकाराच्या) फिनिश प्रकारामागचे जनुक शोधले. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे नेफ्रिन. शेजारच्या दोन पायांतून निघालेले नेफ्रिनचे रेणू फटीच्या मध्यावर एकमेकांना धरतात आणि त्यातून जाळे विणले जाते. पण या रेणूचे शेपूट पेशीच्या आत असते आणि खरी गंमत तिथे आहे. शेपटातल्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फिन नावाचे विकर फॉस्फेट चढवते. फॉस्फेट दिसताच एनसीके हे जोडप्रथिन येऊन तिथे चिकटते आणि त्याच्या मागोमाग येणारी प्रथिने ॲक्टिनचे तंतू बांधायला घेतात. ॲक्टिन हा पायांचा सांगाडा. म्हणजे बाहेर जाळ्याला बसलेला ताण आत पायाच्या आकारापर्यंत पोहोचतो. नेफ्रिनपासून निघणारी दुसरी वाट पीआय-३ कायनेज आणि एकेटी या विकरांमार्गे जाते व पेशीला तगून राहायला मदत करते. हे महत्त्वाचे, कारण प्रौढ पोडोसाइट जवळजवळ विभाजित होत नाहीत. गेलेल्या पेशीची जागा सहसा रिकामीच राहते.

सांगाड्याचा तोल आरएचओए आणि आरएसी-१ या दोन प्रथिनांच्या चालू-बंद कळा (स्विच) सांभाळतात. पहिली पेशीला आकुंचनाकडे नेते, दुसरी पसरण्याकडे. कोणतीही एक प्रमाणाबाहेर चालू राहिली की पाय चपटे होतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. रुग्णाला मात्र दिसतो तो फक्त लघवीला येणारा फेस आणि डोळ्यांभोवतीची सूज.

कॅल्शियमचा मार्गही असाच नाजूक आहे. कॅल्शियम पेशीत सोडणाऱ्या टीआरपीसी-६ या वाहिनीतील काही उत्परिवर्तनांमुळे पेशीत जास्त कॅल्शियम शिरते व गुच्छावर वण पडतात, हे २००५ मध्ये समजले. वाढलेले कॅल्शियम कॅल्सिन्युरिन या विकराला जागे करते आणि ते सायनॅप्टोपोडिन या ॲक्टिनच्या रखवालदारावरचा फॉस्फेट काढून त्याचा नाश ओढवते. सायक्लोस्पोरिन हे औषध प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाते, पण ते पोडोसाइटमधली ही साखळी थेट तोडते, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

पोडोसाइट शेजाऱ्यांनाही निरोप धाडतात. त्यांनी सोडलेले व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन गाळलेल्या द्रवाच्या प्रवाहाविरुद्ध आत जाऊन केशिकेचे अस्तर राखते. कर्करोगावरील व्हीईजीएफरोधक औषधांनी काही रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जातात, त्याचे एक मोठे कारण हेच.

नेफ्रिनवरचा फॉस्फेट हे निरोगीपणाचे लक्षण की इजेचे, यावर मात्र एकमत नाही. पेशी घडताना तो हवाच असतो, पण इजेच्या काही प्रयोगांत तो वाढलेला आढळतो, तर काहींत घटलेला. फिनिश प्रकारच्या काही मुलांमध्ये प्रत्यारोपणानंतर नव्या मूत्रपिंडातील नेफ्रिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, कारण त्यांच्या शरीरात नेफ्रिन मुळात बनलेलेच नसल्याने ते परके ठरते. ही गोष्ट तशी जुनी. २०२२ मध्ये ‘मिनिमल चेंज’ विकाराच्या काही रुग्णांतही अशी प्रतिपिंडे सापडली. या विकारातही लघवीतून खूप प्रथिने जातात, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गुच्छ जवळजवळ निर्दोष दिसतो. २०२४ मध्ये उंदरांना नेफ्रिन टोचून तोच विकार घडवला गेला, तेव्हा प्रतिपिंडे नेमकी फटपटलावर जाऊन बसली, पाय चपटे झाले आणि नेफ्रिनवर फॉस्फेट चढलेला आढळला.